मुंबईचं स्वतःचं सार्वजनिक ग्रंथालय कोणतं?

सागरगोटा
मंडळी, बरेच दिवस मनात घोळत असलेला प्रश्न विचारतो. बॉस्टन शहराने १८४८ साली नागरिकांच्या करातून चालणारं ग्रंथालय काढायचं ठरवलं आणि १८९५च्या नव्या इमारतीच्या दारावर ‘सर्वांसाठी मोफत’ ही अक्षरं कोरली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये ॲस्टर आणि लेनॉक्स ही दोन ग्रंथालयं आणि टिल्डन यांच्या मृत्युपत्रातला निधी एकत्र आणून त्या शहराचं ग्रंथालय स्थापन झालं. त्या शहरांत ‘ग्रंथालयात जातो’ म्हटलं की कुठल्या, असं कुणी विचारत नाही.

मुंबईत मात्र विचारावं लागतं. टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटी? ती सभासदांची संस्था आहे. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय? काळ्या घोड्याचं डेव्हिड ससून? धोबीतलावचं वाचनालय? प्रत्येक जण आपापल्या परीने मोठं आहे, पण यातलं एकही महापालिकेने शहरासाठी म्हणून बांधलेलं नाही. माझं मत असं की मुंबईला शहराचं ग्रंथालय मिळालंच नाही. जे आहे ते लोकांनी वर्गणी काढून उभं केलं. पटतं का? आणि या संग्रहांत काय काय पाहण्यासारखं आहे तेही लिहा, म्हणजे धागा नुसत्या वादात संपणार नाही.

गिरगावची_पोर
टाऊन हॉल. विषय संपला. :)

कागदवेडा
@गिरगावची_पोर, विषय आता कुठे सुरू होतोय!

एशियाटिकचा जन्म २६ नोव्हेंबर १८०४चा. मुंबईचे तेव्हाचे रेकॉर्डर, म्हणजे मुख्य न्यायाधीश, सर जेम्स मॅकिंटॉश यांनी ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ काढली. पुढे ती लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली. टाऊन हॉलचं काम १८३३ मध्ये पुरं झालं, आणि संस्थेचं बस्तान तिथेच बसलं. कर्नल थॉमस कूपर यांनी आराखडा केलेली ही इमारत ग्रीक धाटणीची आहे. समोरचे ते जाड खांब आणि रुंद पायऱ्या मुंबई पाहिलेल्या प्रत्येकाच्या ओळखीच्या.

पण सुरुवातीला हा साहेबांचाच क्लब होता, हे विसरू नये. पहिले भारतीय सभासद माणकजी करसेटजी. त्यांची निवड झाली १८४० मध्ये. म्हणजे स्थापनेनंतर छत्तीस वर्षं एकाही हिंदी माणसाला आत जागा नव्हती. त्यानंतर मात्र चित्र झपाट्याने बदललं. डॉ. भाऊ दाजी लाड, विश्वनाथ नारायण मंडलिक, रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही सगळी मंडळी तिथे निबंध वाचायला, शिलालेखांवर वाद घालायला उभी राहिली. न्या. काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे पहिले भारतीय अध्यक्ष, १८९२ मध्ये. माझ्या दृष्टीने एशियाटिकचा खरा इतिहास हा आहे: दुसऱ्यांनी स्वतःसाठी बांधलेलं घर आपल्या माणसांनी नुसत्या विद्वत्तेच्या जोरावर आपलं केलं.

शब्दांकित
+१ कागदवेडा. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचंही नाव यायला हवं. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड १९३० ते १९६२ एवढा काळ येत राहिले, आणि त्यामागे याच ग्रंथालयातलं वाचन आहे. १९६३ मध्ये भारतरत्न. दुर्गाबाई भागवतही वर्षानुवर्षं तिथे बसून वाचत.

उत्तररात्र
इटालियन महाकवी दान्तेचं हस्तलिखित कुणी पाहिलंय का? मुसोलिनीने त्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले आणि संस्थेने नाही म्हटलं, असं लहानपणापासून ऐकतोय.

मोडीप्रेमी
@उत्तररात्र, ही गोष्ट मुंबईत सगळेच सांगतात. आकडा बाजूला ठेवू. ‘डिव्हाइन कॉमेडी’चं जुनं हस्तलिखित एशियाटिककडे आहे आणि ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्याकडून आलं. पण मला दरवेळी वाईट वाटतं ते याचं, की एशियाटिक म्हटलं की गाडी दान्तेवर येऊन थांबते. तिथला माझ्या मते सगळ्यात मोलाचा ऐवज वेगळा आहे: महाभारतातल्या आरण्यकपर्वाची १५१६ सालची सचित्र पोथी.

ती का महत्त्वाची, ते सांगतो. मुघलांच्या आधीच्या उत्तर भारतीय चित्रशैलीची पानं बरीच सापडतात, पण त्यांवर साल नसतं. मग अभ्यासक ‘साधारण या काळातलं असावं’ म्हणत बसतात. या पोथीच्या शेवटी लेखकाने काळ नोंदवला आहे. सिकंदर लोदीच्या राजवटीतली ही पोथी. त्या एका नोंदीमुळे त्या शैलीच्या बाकीच्या चित्रांचा काळ ठरवायला आधार मिळाला. पोथी उतरवणाऱ्याने शेवटी दोन ओळी जास्त लिहिल्या, त्यावर आज कलेचा इतिहास उभा आहे.

संस्कृत-प्राकृत पोथ्यांची ह. दा. वेलणकर यांनी केलेली वर्णनात्मक सूची १९२५ ते १९३० या काळात छापून आली. पोथ्यांवर काम करायचं असेल त्याने आधी ती उघडावी. ग्रंथ, कर्ता, पानं, लिपी, आरंभ आणि शेवट अशी सगळी माहिती तीत मिळते.

सोपाऱ्याचा_वाणी
मोडीप्रेमी, आमचं सोपारा राहिलं की!

आमच्याकडच्या ज्या टेकाडाला लोक बुरूड राजाचा कोट म्हणत, तो स्तूप निघाला. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला. आत दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती बुद्धांच्या आठ छोट्या ब्राँझ मूर्ती. करंडकाच्या आत पुन्हा चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सोन्याचा असे एकात एक करंडक. सगळ्यात आत सोन्याची फुलं आणि भिक्षापात्राचे मानलेले तुकडे. सातवाहन राजाचं चांदीचं नाणंही मिळालं. हे सगळं एशियाटिककडे आहे. गावाचं नाव आज लोकलच्या गर्दीसाठी घेतलं जातं, पण हे शूर्पारक बंदर होतं याचा पुरावा त्या पेटीत आहे. शाळकरी मुलांना एकदा तरी ती दाखवली पाहिजे. माझ्या भाच्यांना मी हे वर्णन वाचून दाखवलं, तर ते झोपायलाच तयार नव्हते.

तिसरी_घंटा
वाचनखूण साठवली आहे. उत्तम धागा.

पारावरचा
सगळं मान्य, पण सागरगोटा यांचा प्रश्न वेगळा आहे. पोथी, मूर्ती, नाणी हे संग्रहालय झालं. सार्वजनिक ग्रंथालय म्हणजे ज्याच्या खिशात काही नाही, अंगावर कामाचे कपडे आहेत, त्यालाही आत जाऊन बसता आलं पाहिजे. टाऊन हॉलच्या पायऱ्या चढताना आमच्यासारख्यांना अजून दडपण येतं. ग्रंथालय किती मोठं, यापेक्षा त्याचं दार केवढ्याने उघडतं हे मी आधी बघेन.

जुनी_बखर
पारावरचा, तुमचा मुद्दा धरून धोबीतलावकडे वळू या. पीपल्स फ्री रीडिंग रूम १८४५ची. बॉस्टनच्या ठरावापेक्षा तीन वर्षं जुनी आणि नावातच ‘फ्री’! वाचनालय मोफत असावं हा विचार मुंबईला बाहेरून आणावा लागला नाही.

आणि काळ्या घोड्याचं ससून तर कारागिरांचंच. १८४७ मध्ये टांकसाळ आणि गोदीत काम करणाऱ्या तंत्रज्ञांनी आपल्यासाठी मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट काढली. यंत्रांचे नमुने, व्याख्यानं, पुस्तकं, असा सगळा खटाटोप. पुढे डेव्हिड ससून यांच्या देणगीमुळे १८७० मध्ये मालाडच्या पिवळट दगडाची ती देखणी इमारत झाली. आजचं नाव १९३८ पासूनचं. वरच्या सज्जात लांब आरामखुर्च्या आणि मागे बाग. फोर्टच्या गोंगाटात अशी जागा टिकली हेच मोठं.

गिरगावची_पोर
त्या आरामखुर्च्यांत पुस्तक उघडून दहा मिनिटांच्या वर जागं राहिलेला माणूस दाखवा!

जुनी_बखर
@गिरगावची_पोर, तेही सार्वजनिक हिताचंच काम आहे. :)

दादर_पूर्व
आता आमची पाळी. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, स्थापना १ ऑगस्ट १८९८.

त्या वेळची परिस्थिती डोळ्यांपुढे आणा. मोठ्या ग्रंथालयांत इंग्रजी पुस्तकांची कपाटंच्या कपाटं, आणि मराठी पुस्तकं कुठे तरी कोपऱ्यात. मराठीत छापलेलं प्रत्येक पुस्तक जमवायचं, अशा जिद्दीने ही संस्था उभी राहिली. वर्गणीदार कोण, तर कारकून, शिक्षक, छोटे दुकानदार. उपनगरांत शाखा काढल्या, त्यामुळे आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी बायकांना घराजवळ पुस्तकं मिळू लागली. माझी आजी भाजीच्या पिशवीत पुस्तक घालून जायची आणि बदलून आणायची. तिच्या कार्डावर शिक्के मारायला जागा उरत नसे. सागरगोटा, शहराचं ग्रंथालय म्हणजे आणखी काय असतं?

संग्रहाचं म्हणाल तर इथली दोलामुद्रितं बघा. मराठी छपाईच्या सुरुवातीपासून १८६७ पर्यंतची पुस्तकं. १८६७ हे साल का, तर त्या वर्षी छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा आला आणि त्यापुढे छापलेल्या पुस्तकांची सरकारदरबारी नोंद होऊ लागली. त्याआधीचं पुस्तक एकदा हरवलं की ते होतं याचासुद्धा पत्ता लागत नाही. म्हणून ती जपणं सगळ्यात निकडीचं. संग्रहालयाने १९४८ मध्ये मराठी संशोधन मंडळ सुरू केलं, त्याची धुरा अ. का. प्रियोळकर यांच्याकडे होती. भारतातल्या मुद्रणकलेच्या इतिहासावरचा त्यांचा ग्रंथ १९५८चा. त्या विषयात कुणालाही अजून त्यांच्यापासूनच सुरुवात करावी लागते.

तलावपाळी
दादरकर, मान आहेच. पण ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. पाच वर्षं आधी! आणि स्थापनेत ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे.

रत्नांग्री_हापूस
१८९३ म्हणे. आमच्या रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं आहे हो. जरा बसून घ्या सगळे.

गोदाकाठ
नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०. आम्ही शांतपणे हात वर करून बसलो आहोत.

शब्दांकित
हाहा! पुढचा प्रतिसाद कोल्हापूरचा येणार.

रंकाळा
आलोच. करवीर नगर वाचन मंदिर १८५०. पण मोठी गोष्ट पुढे आहे: ग्रंथालयांचा कायदा भारतात सगळ्यात आधी झाला तो कोल्हापूर संस्थानात, १९४५ मध्ये. महाराष्ट्राचा कायदा यायला १९६७ उजाडलं.

ग्रंथपाल_निवृत्त
कायद्याचा विषय निघालाच आहे तर सविस्तर लिहितो. आयुष्य याच कामात गेलं आणि धागा वाचून फार बरं वाटलं.

मुंबईत मध्यवर्ती ग्रंथालय असावं, त्याच्याखाली विभागाची, जिल्ह्याची, तालुक्याची ग्रंथालयं असावीत, अशी रचना सरकारने नेमलेल्या फैजी समितीने स्वातंत्र्यापूर्वीच सुचवली होती. त्या वेळी सगळ्यात मोठा तयार संग्रह एशियाटिकचा, म्हणून मध्यवर्ती ग्रंथालयाचं काम तिच्याकडे आलं. टाऊन हॉलमध्ये राज्याचं मध्यवर्ती ग्रंथालय दिसतं ते त्यामुळे. दोन्ही एका छताखाली असली तरी संस्था वेगळ्या आहेत. बाहेरून येणाऱ्याचा इथे हमखास गोंधळ होतो.

आता १९५४चा ग्रंथप्रदान कायदा. भारतात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने तीस दिवसांच्या आत, स्वतःच्या खर्चाने, चार ठिकाणी पाठवायची: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय. १९५६च्या दुरुस्तीनंतर वृत्तपत्रं आणि नियतकालिकंही त्यात आली. म्हणजे देशातल्या सगळ्या भाषांचं छापील साहित्य जिथे जमा व्हावं असं कायदा सांगतो, त्या चार जागांपैकी एक मुंबईत आहे. सागरगोटा, तुम्ही विचारता ते ‘शहराचं ग्रंथालय’ कागदावर याहून मोठं, देशाचं आहे.

कागदावर म्हणतो, कारण प्रत न पाठवणाऱ्याला दंड किती? पन्नास रुपयांपर्यंत आणि पुस्तकाची किंमत. तोही वसूल करायचा तर खटला भरावा लागणार. त्यामुळे लहान गावांतली, लेखकाने स्वखर्चाने काढलेली पुस्तकं यायची राहून जातात. आणि पुढे अभ्यासकाला नेमकी तीच हवी असतात: गावाचा इतिहास, जातीच्या परिषदेचा अहवाल, एखाद्या शाळेची स्मरणिका. धाग्यावर कुणी लेखक-प्रकाशक असतील तर कळकळीची विनंती आहे, प्रत पाठवाच. दंडाच्या भीतीने नको. शंभर वर्षांनी कुणीतरी ते शोधत येणार आहे, त्याच्यासाठी पाठवा.

पारावरचा
ग्रंथपालकाका, माहिती मोलाची, पण मला एक खटकतं. प्रत जमा होणं आणि ती वाचकाच्या हातात पडणं यात फार अंतर आहे. मी एका मोठ्या ग्रंथालयात (नाव लिहीत नाही) जुन्या मासिकाचा खंड मागितला. सूचीत नोंद होती, खंड मिळाला नाही. बांधणीला गेलाय की गहाळ झालाय, हेही कुणाला सांगता येईना. जतन झालं म्हणून समाधान मानायचं, की वाचायला मिळत नाही म्हणून भांडायचं?

ग्रंथपाल_निवृत्त
भांडायचं. नक्की भांडायचं. पण कर्मचाऱ्याशी नव्हे. कपाटं आणि खंड वाढत जातात, मंजूर पदं मात्र रिकामी राहतात, हा सगळीकडचा अनुभव. महाराष्ट्रात अनुदान मिळणारी सार्वजनिक ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांत. खेड्यातल्या ड वर्गाच्या ग्रंथालयाचा सेवक किती मानधनावर काम करतो, हे जाऊन विचारा. मोठ्या ग्रंथालयातही शेवटी खंड शोधणारा माणूस एकच असतो.

जिल्दसाज
मी पुस्तकांच्या दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे ‘गहाळ की बांधणीला’ यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

लोकांना वाटतं जितकं जुनं तितकं नाजूक. माझा अनुभव उलट आहे. अठराव्या शतकातला जुन्नरी हातकागद चिंध्यांच्या लगद्याचा. तो आजही बोटांत कापडासारखा लवतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा कागद आला, त्याला तुरटी आणि राळेची खळ. त्यातून आम्ल तयार होतं आणि कागद आतूनच जळत जातो. म्हणून १७८०ची पोथी धड असते आणि १९२०चं मासिक पान उलटताच तुटतं. त्यात मुंबईची दमट हवा, कसर, वाळवी.

वर आमच्याच आधीच्या पिढ्यांचे उपाय. पान मजबूत करायचं म्हणून प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यात दाबून टाकलं. आता तो पापुद्रा पिवळा पडून आक्रसतोय आणि काढताना शाई घेऊन निघतो. आज आम्ही जपानी टिश्यू कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतो. नियम एकच: जे चिकटवाल ते उद्या पाण्याने सोडवता आलं पाहिजे. एक जाड खंड नीट करायला महिने लागतात. @पारावरचा, तुमचा खंड बांधणीलाच गेला असेल तर घाई करू नका, तो चांगल्या हातात आहे असं समजा. आणि कृपा करून जुनं पुस्तक झेरॉक्सच्या काचेवर उताणं दाबू नका. पाठीचा कणा तिथेच मोडतो.

एशियाटिकमध्ये पुस्तक दत्तक घेण्याची योजना आहे. तुम्ही पैसे देता, त्यातून एका ग्रंथाची दुरुस्ती होते. लग्नातल्या आहेरापेक्षा हा खर्च मला जास्त आवडतो.

तिसरी_घंटा
जिल्दसाज, या विषयावर स्वतंत्र धागा काढा, आग्रहाची विनंती.

निळी_पहाट
इतक्या चर्चेत दादरच्या हिंदू कॉलनीतलं ‘राजगृह’ अजून कुणीच आणलं नाही, म्हणून लिहिते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते घर बांधलं ते मुख्यतः आपल्या पुस्तकांसाठी. राहायची जागा आणि पुस्तकांची जागा यात पुस्तकांना पहिला मान. १९४६ मध्ये त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ महाविद्यालय (आज ते फोर्टात आहे) सुरू झालं आणि बाबासाहेबांच्या संग्रहातली पुस्तकं त्याच्या ग्रंथालयात आली. तिथे शिकणारी मुलं कोण होती? दिवसा नोकरी करून सकाळी लवकर वर्गाला येणारी. ज्यांच्या आधीच्या पिढ्यांना पाटी-पेन्सिल मिळाली नव्हती, त्यांच्या हातात त्या माणसाने खुणा केलेली पुस्तकं पडली.

पारावरचा यांनी दाराबद्दल लिहिलं ते मला अगदी आतून पटलं. मुंबईचा ग्रंथालयांचा इतिहास लिहिताना संस्था, इमारती, देणगीदार यांच्याबरोबर हेही लिहायला हवं की कुणाला आत येता येत होतं आणि कुणाला नव्हतं.

पारावरचा
निळी_पहाट, _/\_

विश्वामित्रीकाठ
अवांतर: बडोद्याचं उदाहरण इथे उपयोगी पडेल. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावलं आणि राज्यभर ग्रंथालयांचं जाळं विणलं. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावी वाचनालयं, आणि जिथे तेही नाही तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या. मध्यवर्ती ग्रंथालयात लोखंडी मांडण्या आणि मजल्यांना काचेची जमीन केली, म्हणजे वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचतो. शासनाने मनावर घेतलं की काय होतं ते आमच्याकडे बघा. मुंबईत राजा नव्हता, शेटजी होते. त्यांनी सुंदर इमारती दिल्या, पण जाळं विणलं नाही.

कागदवेडा
विश्वामित्रीकाठ, शेटजींवर थोडा अन्याय होतोय. प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख दिले, म्हणून राजाबाई टॉवर आणि त्याखालचं ते रंगीत काचांचं वाचनदालन उभं राहिलं. टाऊन हॉलमध्ये नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांचे पुतळे आहेत, ते उगाच नाहीत. शहराने कर लावून जे केलं नाही ते या लोकांनी पदरचे पैसे घालून केलं.

विश्वामित्रीकाठ
देणगीचं मोल मी कमी करत नाही. पण देणगीने इमारत होते, पुढच्या दीडशे वर्षांचा पगार आणि छपराची गळती देणगीतून भागत नाही. या एका मुद्द्यावर मी ठाम आहे.

मोडीप्रेमी
सगळ्यांच्या उपयोगाचं थोडं. मुंबईत जुनं मराठी पुस्तक शोधायचं असेल तर आधी शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उघडा. पहिला भाग १८०० ते १९३७ मधल्या पुस्तकांचा, तो १९४३ मध्ये आला. दुसरा १९३८ ते १९५०चा, तो १९६१ मध्ये. एका माणसाने ग्रंथालयांतून फिरून, पुस्तकं प्रत्यक्ष हाताळून केलेलं हे काम आहे. त्यातून नाव, साल, छापखाना टिपून घ्या आणि मग ग्रंथालयात जा. ‘एक जुनं नाटक आहे, लाल मुखपृष्ठाचं’ असं सांगून कुणीही काही देऊ शकणार नाही. नावाचं शुद्धलेखनही दोन-तीन प्रकारे करून पाहा. जुन्या सूचींत ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार आजच्यासारखे नसतात.

घरबसल्या पाहायचं असेल तर एशियाटिकचं ‘ग्रंथसंजीवनी’ हे संकेतस्थळ आहे. जुनी पुस्तकं, वृत्तपत्रं, नकाशे टप्प्याटप्प्याने त्यावर चढतात. नकाशांचं वेगळं सांगतो: बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटी १८७३ मध्ये एशियाटिकमध्ये विलीन झाली, त्यामुळे तो वारसाही इथेच आला.

सागरगोटा
सगळे प्रतिसाद सावकाश वाचले. सगळ्यांचे मनापासून आभार.

माझ्या मूळ मताचा अर्धा भाग अजून तसाच आहे: महापालिकेच्या पैशावर चालणारं, कुठल्याही मुंबईकराला हक्काचं वाटेल असं एक मोठं ग्रंथालय या शहराला हवं होतं आणि आजही हवं आहे. विश्वामित्रीकाठ यांचा पगार-गळतीचा मुद्दा त्यासाठीच महत्त्वाचा. पण दादर_पूर्व, जुनी_बखर आणि निळी_पहाट यांचं वाचून दुसरी बाजू ठळक झाली. मुंबईचा संग्रह एका घरात नाही, तो पाच-सहा घरांत वाटलेला आहे. दोलामुद्रितं दादरला, पोथ्या आणि नकाशे टाऊन हॉलमध्ये, बाबासाहेबांची पुस्तकं फोर्टात. अडचण अशी की प्रत्येक घराची सूची वेगळी. एखादं पुस्तक मुंबईत कुठे आहे, हे विचारायची एक जागा नाही.

म्हणून नवा प्रश्न. सगळ्यांची मिळून एक सूची कधी होईल का? इमारत बांधण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

ग्रंथपाल_निवृत्त
होऊ शकते, पण सगळं एकदम हाती घेऊ नये, नाहीतर पहिल्याच वर्षी दम लागेल. १८६७ पूर्वीची मराठी पुस्तकं घ्या. संख्या आटोक्यातली, दाते सूची हाताशी, प्रियोळकरांची परंपरा पाठीशी. कुठल्या संस्थेत कुठलं पुस्तक, पूर्ण की पानं गहाळ, हाताळण्याजोगं की नाही, एवढ्याच नोंदी. ठाणे, रत्नागिरी, नाशिक, कोल्हापूर इथलीही धरा. मघाच्या भांडणाचा तेवढा उपयोग होऊ दे.

रत्नांग्री_हापूस
रत्नागिरीचं मी बघतो. सुट्टीत गावी जातोच आहे, आधी कार्यवाहांना पत्र पाठवतो.

जिल्दसाज
पुस्तकाची अवस्था कशी नोंदवायची त्याचा एक पानी तक्ता करून देतो. कागद, शिवण, पाठ, कीड, आधीची दुरुस्ती, असे पाच रकाने पुरेत.

मोडीप्रेमी
शीर्षकं वाचायला आणि मोडीतली पानं लावायला मी आहे. आणखी दोघं-तिघं लागतील. मोडी येत असेल आणि महिन्यातून एखादा शनिवार देता येत असेल त्यांनी व्यक्तिगत निरोप करा.